घरातील व्यक्ती: तीन

१

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कला राहायला आलो त्याच आठवड्यात मी सगळीकडचे पत्ते बदलून घेतले. गॅस, दादांची पेन्शन, लॅबमधली माझी नोंद आणि सगळ्यात शेवटी क्रेडिट कार्ड. दादा म्हणजे माझे वडील, कोंडिराम खिल्लारे. परभणीच्या एसटी डेपोत बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. कुठलीही नोंद करायची राहिली की त्यांना झोप येत नाही. "पत्ता बदलला का, माय? सगळीकडं बदलला का?" असं रोज विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं होतं.

घरात आम्ही दोघंच. आई चार वर्षांपूर्वी गेली. भाऊ, गणेश, पुण्याला असतो. माझं लग्न टिकलं नाही, त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही. मी भाईंदर पश्चिमेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सकाळी आठला निघते, साडेपाचपर्यंत परत. मधला सगळा वेळ दादा एकटे. दोन भाकरी, भाजी आणि ताक झाकून ठेवायचं. ते साडेबाराला जेवायचे, पेपर वाचायचे, झोपायचे. पश्चिमेच्या जुन्या घरी खाली बसायला कट्टा होता, चार म्हातारे होते. ती बिल्डिंग पाडायला काढली म्हणून इकडे यावं लागलं. इथे तिसऱ्या मजल्यावर चार दारं आणि चारही दिवसभर बंद. पहिल्या आठवड्यात दादा तीनदा म्हणाले, "इथं माणसाचा आवाज नाही गं."

मी ऐकून घेतलं. काय करणार होते?

जुन्या पत्त्यावर नऊ वर्षांत बँकेनं मला बिलाखेरीज एक कागद पाठवला नव्हता. नवा पत्ता चढला आणि पंधरा दिवसांत पाकिटं सुरू झाली. लिमिट वाढवून देतो, वरच्या दर्जाचं कार्ड देतो, पहिल्या वर्षी फी नाही. लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणारी डेल्फिन हसली. "आता तू लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहतेस ना. पत्ता बघून बँक पण गुड मॉर्निंग करते."

पाचवं पाकीट जानेवारीच्या शेवटी आलं. भाजी निवडता निवडता उघडलं. माझ्या कार्डावर घरातल्या माणसासाठी आणखी एक कार्ड, मोफत. खाली इंग्रजीत नाव छापलेलं होतं, तयार कार्डाच्या चित्रावर, ठळक अक्षरांत.

शेवंती.

आमच्या घरात, नात्यात, शेजारात शेवंती नावाचं कोणी नव्हतं.

२

आधीच्या भाडेकरूचं नाव असेल, असं मी धरून चालले. घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, आधी एक गुजराती जोडपं होतं, त्याआधी फ्लॅट बंदच होता. मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बँकेला फोन लावला. तिकडून बोलणाऱ्या मुलीनं आपलं नाव इशिता सांगितलं. आवाज गोड, घाई नाही.

"मॅम, पत्ता बदलला की आमच्यासाठी तुम्ही नवीन कस्टमरसारख्याच असता. सगळं परत बघतात. घर कसं आहे, किती माणसं आहेत, कोण कोण असतं. आमचा माणूस घरी येऊन रिपोर्ट देतो. ऑफर त्यावर ठरते."

"आमच्याकडे कोणी आलं नाही."

"आले होते ना, मॅम. अकरा तारखेला. सकाळी अकरा चाळीस." ती वाचत होती. "घरातील व्यक्ती, तीन. भेटलेली व्यक्ती, शेवंती. राहणीमान समाधानकारक."

"आम्ही दोघंच राहतो."

"तीन लिहिलंय, मॅम. फोनवर पण कन्फर्म झालंय. तुमच्या दुसऱ्या नंबरवर."

दुसरा नंबर दादांचा. म्हणजे बँकेनं त्यांना विचारलं आणि त्यांनी काहीतरी सांगितलं. वय शहात्तर. मला एकदम थकवा आला. लॅबमध्ये असे म्हातारे रोज येतात, मुलाचं नाव विचारलं तर भावाचं सांगतात. आता आपली पाळी, असं वाटलं.

पण अकरा तारीख डोक्यातून जाईना. अकरा जानेवारीला मी रजा घेतली होती. दादांचा डोळा दाखवायला त्यांना पश्चिमेला घेऊन गेले होते. साडेदहाला निघालो, दीडला आलो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख होती. त्या वेळात घराला कुलूप होतं आणि दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये.

३

तपासणीला आलेल्या माणसाचा नंबर माझ्या फोनवरच सापडला. अकरा तारखेला सकाळी त्याचे दोन मिस्ड कॉल होते. त्याचं नाव जितेंद्र. त्याला मी खाडीकडच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी बोलावलं. चाळिशीचा, दमलेला, पाठीला बॅग, हेल्मेट हातात. दिवसाला पंचवीस घरं करतो म्हणाला.

"मॅडम, तक्रार करू नका. मी टेबलावर बसून रिपोर्ट भरणाऱ्यातला नाहीये. मी खरंच आलेलो. फोटो आहे."

"दार कोणी उघडलं?"

"तुमच्या त्या बाईंनी. मी तुमचं नाव घेतलं, बोललो, बँकेकडून आलोय. त्या बोलल्या, राजश्री बाहेर गेलीय. पाणी पण दिलं."

"दिसायला कशा होत्या?"

तो विचारात पडला. रोज पंचवीस दारं बघणाऱ्या माणसाला चेहरा आठवला नाही तर त्यात नवल नाही. "बाई होत्या. घरातल्याच वाटल्या. साडी होती बहुतेक."

त्यानं फोटो काढून दाखवला. फोटोवर तारीख, वेळ, ठिकाण सगळं आपोआप छापलेलं. दार आमचंच. वर पाटी, खिल्लारे. पाटीशेजारी मागच्या भाडेकरूनं चिकटवलेल्या तोरणाचा उरलेला तुकडा. दार वीतभर उघडं, आत अंधार. दाराच्या कडेला आतून चार बोटं धरलेली.

"ही बोटं," मी म्हणाले.

"त्यांचीच. उभ्या होत्या ना दारात."

मी फोन त्याच्या हातात परत दिला. बोटं कडीपाशी नव्हती. उंबऱ्यापासून हातभर वर होती. जमिनीवर बसलेल्या माणसानं दार धरावं, तिथे.

जितेंद्रनं फोटो मोठा केला, परत लहान केला.  मग चहाचे पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.

"मला उभं राहून ग्लास दिला त्यांनी," तो निघताना म्हणाला. "हातात दिला, मॅडम."

४

घरी येऊन मी दादांना काहीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर ते काय उत्तर देतील याची भीती वाटत होती. त्यांचा मेंदू थकला असला तर एक भीती, नसला तर दुसरी.

मी लक्ष ठेवायला लागले. दादांचं गाऱ्हाणं बंद झालं होतं. संध्याकाळी जवळच्या बागेत जाणं त्यांनी सोडलं होतं. संध्याकाळी "जेवलात का दुपारी?" विचारलं तर म्हणायचे, "जेवलो की आम्ही." परभणीकडची माणसं बोलतात असं, स्वतःला आम्ही म्हणतात. दादा आधी म्हणायचे का, ते मला आठवेना. आणि भाकरी दोनच्या चार लागत होत्या. मला बरं वाटलं होतं, भूक वाढली म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मी लॅबमधून त्यांना फोन केला. फोन उचलला गेला, पण ते बोलले नाहीत. चुकून बोट लागलं असणार. मला आमचं घर ऐकू येत होतं. पंख्याची टकटक, खालच्या मजल्यावरचा मिक्सर. आणि दादांचा आवाज. ते पेपर वाचत होते, मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. परभणीत कापसाचे भाव पडल्याची बातमी होती. दोन ओळी वाचून ते थांबले. त्यांच्या घशातून "हं" असा आवाज आला, कोणी काही विचारल्यावर येतो तसा. मग म्हणाले, "नाही, त्येच्या पुढचं गाव." आणि हसले.

आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

मी रिक्षा करून घरी आले. दादा खुर्चीवर बसले होते, पेपर मांडीवर, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी बाथरूम पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. दादा माझ्याकडे बघत राहिले.

"काय शोधायलीस?"

"दादा, शेवंती कोण?"

ते गोंधळले. माझ्यामुळे गोंधळले. "कोण म्हणजे? तूच ठेवलीस ना तिला? मी दिवसभर एकटा असतो म्हणून?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"मी कोणाला ठेवलं नाही, दादा."

"असं कसं?" त्यांचा आवाज अगदी सरळ होता, डेपोतल्या रजिस्टरसारखा. "आपण इथं आलो, तू पत्ता बदलला म्हणालीस, त्येच्या चार दिवसांनी आली. तू गेली की असते. पाणी देती, जेवायला बसती. गरीब आहे. अक्षरओळख नाही तिला, पेपर वाचून दाखवावा लागतो."

"येते कुठून? दारातून?"

"येताना पाहिली नाही मी."

"आणि जाते कुठे?"

त्यांनी हनुवटीनं स्वयंपाकघराकडे दाखवलं. "तू यायच्या टायमाला आत जाती. मला वाटलं, तिकडून दुसरं दार असंल."

आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती. तिला ग्रिल होतं.

५

कोणाकडे तरी जादा किल्ली आहे, एवढाच अर्थ मी लावला. कुलूप बदललं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे बसून जिन्याच्या कॅमेऱ्याचं आठ दिवसांचं चित्रण पाहिलं. आमच्या दाराशी दूधवाला, कुरिअरवाला, मी. सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, आप टेन्शन मत लो, पप्पा की उमर हो गयी है." मला ते पटायला हवं होतं. जितेंद्रचा फोटो मी त्याला दाखवला नाही. माझ्याकडे नव्हताच तो, मी मागून घेतला नव्हता.

मग तीन दिवस रजा काढून घरी बसले. काही झालं नाही. दादा पेपर मनातल्या मनात वाचत. दुपारी स्वयंपाकघराकडे बघत आणि माझी नजर गेली की दुसरीकडे बघत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू असलीस की ती येत नाही."

त्यांचा सदरा खांद्यावरून उतरत होता. मी त्यांना लॅबमध्ये नेलं, वजन केलं. डिसेंबरात एकसष्ट होतं, आता चोपन्न. रक्त मीच काढलं. साखर ठीक, थायरॉईड ठीक, सगळं ठीक. फक्त हिमोग्लोबिन तीन अंकांनी खाली. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "खातात का नीट?" रोज चार भाकरी संपतात, हे मला सांगता आलं नाही.

पाकिटं येतच होती. प्रत्येक पाकिटात तिच्याबद्दल थोडं जास्त असायचं. आधी नुसतं नाव, मग जन्मतारखेच्या जागी साल, मग नातं. शेवटच्या पत्रात माझ्या कुटुंबाचं अभिनंदन केलं होतं. एकाच पत्त्यावर सव्वीस वर्षं राहणारे ग्राहक बँकेला मोलाचे वाटतात, असं लिहिलं होतं.

ती बिल्डिंगच मुळी सोळा वर्षांची होती.

६

डेल्फिनला मी सगळं सांगितलं नाही. दादांना तिथली हवा मानवत नाही, एवढंच म्हणाले. तिचे काका, कॉन्रॅड, मागच्या वर्षी गेले होते. उत्तनला त्यांचं दोन खोल्यांचं घर रिकामं होतं, अंगण, पुढे नारळ, पलीकडे समुद्र. शेजारी डेल्फिनची आई आयरिन. मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही टेम्पोत सामान भरलं. निघताना स्वयंपाकघराचं दार मी बाहेरून ओढून घेतलं. कशासाठी, ते माहीत नाही.

"पत्ता बदलायचा ना?" टेम्पोत बसल्यावर दादांनी विचारलं.

"नाही."

"अगं, पण कागदपत्रं..."

"नाही म्हणाले ना, दादा."

कार्ड बंद करावं म्हणून बँकेला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, बंद करायला आधी चालू पत्ता सांगा, कागद त्या पत्त्यावर येईल. मी फोन ठेवून दिला आणि कार्ड कात्रीनं कापलं.

उत्तनला दादा सुधारले. पहिले आठ दिवस गप्प होते, मग अंगणात बसायला लागले. आयरिनमावशी त्यांना कुंपणावरून हाक मारायच्या, सुके बोंबील द्यायच्या. "तुजा बाप काय बोलत न्हाय, पन ऐकतो बरा," असं मला म्हणाल्या. महिन्याभरात वजन सत्तावन्न. भाकरी दोनच लागायच्या. टपाल येत नव्हतं. मला रात्री सलग झोप लागायला लागली. जेसल पार्कमध्ये काय झालं याचा विचार करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं आणि ते जमत होतं.

फक्त दादा. अंगणात बसलेले असले तरी त्यांचं तोंड घराच्या दाराकडे असायचं.

७

एप्रिलमधल्या एका शनिवारी बसमध्ये मेसेज वाचला. आपल्या विनंतीनुसार आपला पत्ता बदलण्यात आला होता, त्याला आता तीन आठवडे झाले. नव्या पत्त्यावर पाहणी पूर्ण. आपण नव्या ऑफरसाठी पात्र आहात.

घरी आले तेव्हा दादा भाजी निवडत होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी नाकारलं नाही. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "तू अंघोळीला गेलतीस. मी जुन्या पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला. तुझ्या फोनवर आकडा आला, तो सांगितला."

"का, दादा?"

"तिला कसं कळायचं, आपण कुठं आलो ते?"

ते असं बोलले की मला रागावता येईना. म्हातारा माणूस गावाला पत्र टाकतो, तसा सूर होता.

"ती तुम्हाला खाते आहे," मी म्हणाले. "वजन बघा तुमचं. सात किलो गेले होते."

"मला काय करायचंय वजन?" त्यांनी शेंगेचा दोर काढला. "दहा तास, राजश्री. तू जाती ते दहा तास. ते कोण मोजतं?"

मी मेसेज परत उघडला. 

"पाहणी पूर्ण असं लिहिलंय. माणूस आला होता का?"

"आलता. पंधरा दिवस झाले. तू कामावर होतीस."

"तुम्ही काय सांगितलंत त्याला? किती माणसं?"

"मी कशाला सांगतो?" दादा म्हणाले. "मी पलंगावर होतो. दार तिनंच उघडलं."

८

मी बिनपगारी रजा टाकली आणि घरी बसले. दादांना एकटं सोडायचं नाही. अंघोळीला जाताना दार उघडं ठेवायचं, आतून बोलत राहायचं. वजन केलं तर एकोणपन्नास, मी बघणंच सोडलं होतं. पंधरा दिवसांत आठ किलो. पहिल्यापेक्षा चौपट वेगानं.

त्यांना पुण्याला न्यायचं, असं गणेशला कळवलं. तो म्हणाला, मेअखेर बघू. खरं म्हणजे मलाही माहीत होतं, पुण्याचा पत्ताही दादा कोणाला तरी सांगतीलच.

आम्ही समोरासमोर बसून दिवस काढत होतो. मी गप्पा मारायचा प्रयत्न केला. परभणीच्या, आईच्या, डेपोतल्या जुन्या गोष्टी काढल्या. ते उत्तर द्यायचे, नीट द्यायचे, पाहुण्याला देतात तसं. पेपर मी वाचून दाखवू लागले तर म्हणाले, "मला वाचता येतं, माय." दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी अगदी हळू विचारलं, "तू कामाला कधी जाणार?"

त्या प्रश्नात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दूध नासलं. दुकान चाळीस पावलांवर. मी दार सताड उघडं टाकलं, जाताना तीनदा मागे वळून पाहिलं. पिशवी घेतली आणि परत निघाले. पाच मिनिटंही झाली नसतील. अंगणात आले तेव्हा आतून वाचण्याचा आवाज येत होता.

मी दारातून गेले नाही. बाजूच्या खिडकीशी गेले. खिडकी उंच आहे, तिच्यातून पलंग आणि दादा दिसत होते, खालची जमीन दिसत नव्हती. पलंगावर उशीला टेकून बसलेले, पेपर डाव्या हातात. गालाची हाडं वर आलेली आणि चेहरा असा, जसा मी लहानपणी पाहिला होता, ते ड्युटीवरून आल्यावर आई चहा घेऊन यायची तेव्हाचा. ते एक ओळ वाचायचे, थांबायचे, खाली बघायचे, पुढची वाचायचे.

त्यांच्या मांडीजवळ पलंगाच्या कडेवर चार बोटं होती. खाली बसून कोणी आधाराला कड धरावी, तशी. नखं अगदी स्वच्छ. काम करणाऱ्या बाईची नव्हती ती, म्हातारीची नव्हती, तरुण मुलीचीही नव्हती. बाकीचं भिंतीआड होतं. अजून एक पाऊल पुढे गेले असते तर दिसलं असतं.

दादांनी पान उलटायला पेपर मांडीवर ठेवला, आणि पान उलटण्याआधी आपला हात त्या बोटांवर ठेवला.

मी ते पाऊल टाकलं नाही. दुधाची पिशवी हातात गार लागत होती. अग्रलेख संपेपर्यंत मी अंगणात उभी राहिले. मग मुद्दाम फाटक वाजवलं आणि आत गेले. दादा एकटेच होते.

दोन दिवसांनी, सोमवारी, मी कामावर गेले.

मी काय केलं ते मला माहीत आहे. कोणी विचारलं तर सांगेन, रजा संपली होती. ते खरं आहे.

९

मेच्या तेरा तारखेला दुपारी तीनला डेल्फिन माझ्या टेबलाशी आली. तिच्या आईचा फोन होता. तिनं माझी पर्स आधीच हातात घेतली होती. आम्ही रिक्षानं उत्तनला गेलो. मी रडले नाही. रस्ताभर नवा सदरा कुठे ठेवला आहे तेवढंच आठवत होते.

आयरिनमावशी आमच्या दारात पायरीवर बसल्या होत्या, हातात जपमाळ. अंगणात शेजारची चार माणसं. दादा बाहेरच्या खोलीत पलंगावर. केस विंचरलेले, तेल लावलेलं. हनुवटीखालून पांढरी पट्टी नीट बांधलेली, डोळे मिटलेले. हात पोटावर एकावर एक. लॅबच्या आधी मी हॉस्पिटलमध्ये होते, मला हे काम माहीत आहे. ते चांगलं केलेलं होतं.

"मावशी, तुम्ही केलंत हे?"

"मी काय न्हाय केला. मी आले तवा सगला झालेला." त्यांनी डोळे पुसले. "तुजी ती बाय आली मला बोलवाला. कुंपनाशी उभी राहून रडत होती बिचारी. बोलली, दादा गेले, राजश्रीला कलवा."

डेल्फिननं माझ्याकडे पाहिलं. "कोणती बाई, मम्मी?"

"हिने ठेवलेली ती. दिवसभर असते ना म्हाताऱ्याजवल."

 अंगणातली माणसं बाजूला झाली, मला वाट द्यायला. मी विचारलं, "आता कुठे आहे ती?"

"कुठं जाल? आत हाय." आयरिनमावशींनी आतल्या खोलीच्या पडद्याकडे मान केली. "मी तवापासून दारात बसलेय. बाहेर कोन न्हाय आला."

दादांचे कपडे आतल्या खोलीत होते, पलंगाखालच्या ट्रंकेत. कोणीतरी ते आणायला हवे होते. डेल्फिन माझा दंड धरून म्हणाली, "थांब, मी येते तुझ्याबरोबर."

"तिला एकटीला जाऊ दे," आयरिनमावशी म्हणाल्या. "दोघींचा मानूस होता."

पडद्यामागे जमिनीवर लोखंड घासल्याचा आवाज झाला. ट्रंक ओढली जात होती. मग कडी निघाली, मग झाकण मागे पडलं. नंतर काहीच नाही. वाट बघणाऱ्या माणसाचा श्वास असतो, तेवढंच.

मी चपला काढल्या, दादांच्या पायांना हात लावला आणि पडदा बाजूला केला.